शेजारच्या कॉटवरचा आवाज

"बावीस."

"आहे."

"तेवीस."

जरासा खंड पडला आणि मग "आहे" आलं. पण ते तेवीसचं नव्हतं.

व्हरांड्यात हात मागे बांधून उभ्या असलेल्या मामांना ते लगेच कळलं. तेवीसचा आवाज नाकातून यायचा, बारा महिने सर्दी झाल्यासारखा. हा आवाज मुद्दाम बारीक केलेला होता आणि शेवटी जरा लांबला होता, म्हणजे शेजारच्या चोवीसचा. मामांनी पुढे "चोवीस" म्हटलं तेव्हा तोच गळा आपल्या मूळच्या जाडसर आवाजात "आहे" म्हणाला. मामांना मिशीतल्या मिशीत हसू आलं. ते पुढच्या खिडकीकडे सरकले आणि म्हणाले, "पंचवीस."

मुलांच्या त्या निवासी शाळेत संध्याकाळची हजेरी अशीच व्हायची. जेवणं उजेडातच उरकलेली असायची. दिवे लागायच्या सुमाराला मुलांनी आपापल्या कॉटवर बसायचं, रेक्टरांनी, म्हणजे मामांनी, बाहेरच्या व्हरांड्यातून चालत एकेका कॉटचा नंबर पुकारायचा, आणि आतून "आहे" यायचं. कॉटचा नंबर हेच मुलाचं नाव. ज्या दिवशी ट्रंक कॉटखाली सरकवली त्या दिवसापासून घरचं नाव फक्त पत्रांवर आणि निकालावर उरायचं. टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं बायकामुलांना घेऊन शाळा दाखवायला यायची आणि फाटकातूनच ओरडायची, "मामा, ओळखलंत का? मी अकरा." मामा ओळखायचे, पण सहजासहजी कबूल करायचे नाहीत. "कुठला अकरा? तो गादी ओली करायचा तो, की त्याच्या नंतरचा?" असं बायकोच्या देखत विचारून त्याची जिरवायचे आणि मग चहाला घरी न्यायचे.

याखेरीज आणखी एक रीत होती. ती कुणी लिहून ठेवली नव्हती आणि कुणी शिकवतही नव्हतं, पण नवा मुलगा आठवड्याच्या आत ती शिकायचा. कुणाला हजेरीला पोचता येणार नसेल तर शेजारच्या कॉटवाल्याने त्याच्या वतीने "आहे" म्हणायचं. जाणाऱ्याने फक्त "सांभाळ" एवढं सांगून जायचं. कुठे, कशाला, हे विचारायचं नाही. अबोला असला तरी नाही म्हणायचं नाही. दिवसभर एकमेकांच्या उरावर बसणारी पोरं हजेरीपुरती सख्खी भावंडं व्हायची.

मामांना हे ठाऊक होतं हे मुलांना ठाऊक होतं, आणि तरी दोन्हीकडून ते नाटक इमानेइतबारे चालायचं. एकदा एका पठ्ठ्याने तिघांच्या वतीने तीन आवाज काढले. तिसऱ्या वेळी त्याचा घसा बसला. मामा बाहेरूनच म्हणाले होते, "अठ्ठावीसला सर्दी झालेली दिसते. उद्या आल्या आल्या काढा घ्यायला पाठवा." 'आल्या आल्या' या शब्दांवर अख्खा हॉल उशा तोंडात कोंबून हसला होता.

खिडकीतून आत बघायचं नाही, हा मामांचा स्वतःचा नियम. हजेरी घेताना ते समोरच्या बागेकडे तोंड करून चालायचे. मुख्याध्यापक बदलले, हॉलची फरशी बदलली, पण मामांची पाठ खिडक्यांकडेच राहिली. विश्वास ठेवला की पोरं रात्री आपल्या पायांनी परत येतात असं त्यांचं म्हणणं होतं. आणि ती आजवर येत आली होती.

मामांच्या या ढिलाईला कारण होतं. ते स्वतः या शाळेतले एकोणीस. भेटीच्या रविवारी आई येईन म्हणाली होती, म्हणून ते मोठ्या रस्त्यावर मैलाच्या दगडावर बसून राहिले होते. अंधार पडला, आई आली नाही. परत आले तेव्हा हजेरी होऊन गेली होती. तेव्हाचे रेक्टर गैरहजर मुलाला सकाळी ट्रंकेसकट घरी धाडायचे. पण अठराने "आहे" म्हटलं होतं. त्या एका शब्दावर मामा शाळेत राहिले, शिकले, आणि मग तिथून बाहेर पडायचं राहूनच गेलं. आधी मदतनीस, मग रेक्टर. हॉलच्या टोकाला दोन खोल्या मिळाल्या. मामी म्हणायच्या, "तुमचं लग्न या इमारतीशी झालंय. मी आपली सोबतीला आलेय."

चोवीसने आवाज काढला त्या दिवशी दुपारच्या खेळात तेवीसने चेंडू मारला होता. एवढ्याशा अंगाचा, दुसऱ्याच सत्रातला मुलगा. त्याला फलंदाजी कधी मिळायचीच नाही. त्या दिवशी कुणीतरी आजारी होतं म्हणून मिळाली, आणि त्याने डोळे मिटून फळी फिरवली ती अशी बसली की चेंडू मागच्या भिंतीवरून पार पलीकडे. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. पायऱ्यांवर बसलेल्या मामांनीही टाळ्या वाजवल्या. आणि मग कर्णधार म्हणाला, "उद्या सामना आहे. ज्याने मारला त्याने आणायचा." हीही रीतच होती.

भिंतीपलीकडे दगडाची जुनी खाण होती. बंद पडलेली, काठाला झुडपं माजलेली.

हे सगळं मामांच्या डोळ्यांसमोर झालेलं. तेवीसच्या जागी चोवीसचा आवाज आला तेव्हा दोन्ही गोष्टींची सांगड घालायला फार डोकं लागत नव्हतं. पण मामांनी घातली नाही. गेला असेल गावात सिनेमाला, असं म्हणून त्यांनी शेवटचा नंबर पुकारला, व्हरांड्यातला दिवा लावला आणि ते घरात गेले. थंडी चांगलीच पडली होती. मामींनी खिडक्या लावून घेतल्या होत्या.

सकाळी उठायची घंटा वाजली आणि पाठोपाठ चोवीस दारात येऊन उभा राहिला. अंगात स्वेटर उलटा घातलेला.

"मामा, तेवीस आला नाही."

"कुठून आला नाही?"

"काल गेला तिथून."

मामा तसेच खाणीकडे धावले. त्यांनी पायात चपलाही घातल्या नाहीत. चोवीस मागून धावत सांगत होता की त्याने तेवीसच्या पांघरुणाखाली उशी ठेवली होती, तो मागच्या खिडकीतून येईल म्हणून कडी काढून ठेवली होती, वाट बघता बघता त्याचा डोळा लागला.

तेवीस खाणीत सापडला. काठावरून घसरून खालच्या कपारीत पडला होता. पाय मोडला होता, डोक्याला खरचटलं होतं, आणि दोन्ही हात काखेत घेऊन तो कुशीवर वळलेला होता. शाळेचा माळी खाली उतरला. त्याने मुलाच्या गालाला हात लावला आणि वर न बघता नुसती मान हलवली.

डॉक्टर म्हणाले, पडून गेलेला नाही. गारठ्याने गेला. पहाटेपर्यंत जिवंत असणार. हे त्यांनी मुख्याध्यापकांना बाजूला घेऊन सांगितलं, पण मामा शेजारीच होते, आणि ऐकण्याच्या बाबतीत त्यांचे कान फार तयार होते.

पोलीस आले, मोजमाप करून गेले, अपघात म्हणाले. वडील आले, मुलाला घेऊन गेले. सगळं आटोपल्यावर शाळेच्या अध्यक्षांनी बैठक ठरवली. वडिलांनाही बोलावलं, म्हणजे त्यांच्या मनात काही राहायला नको आणि उद्या बाहेर काही बोललं जायला नको. बैठकीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी मामांना आपल्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हते. तेही याच शाळेतले, मामांच्या हाताखालून गेलेले सात. पण शाळा बुडेल या भीतीने त्यांची झोप उडाली होती. त्यांनी सरळच सांगितलं. तेवीस हजर आहे असं चोवीसने खोटं सांगितलं. रेक्टर फसले. खोटी हजेरी देणाऱ्या मुलाला शाळेतून काढून टाकायचं आणि ही भानगड मिटवायची. मामांनी फक्त एवढंच म्हणायचं की मला फसवलं गेलं. मामांची नोकरी संपायला थोडेच दिवस उरले होते. त्यांच्या खोल्या नंतरही त्यांच्याकडेच राहतील असं अध्यक्षांनी कबूल केलं होतं.

"आणि पोराचं काय?" मामांनी विचारलं.

"दुसरी शाळा बघतील."

"कोण बघतील? त्याला आहे कोण? म्हातारी आत्या. आणि दाखल्यावर काय लिहाल? याच्यामुळे मेला म्हणून?"

"मामा, तसं कोण लिहितंय."

"लिहायची गरज नाही. पोरगा स्वतःच वाचेल, जन्मभर."

मामा उठले. इतक्या वर्षांत त्यांनी या माणसाला खुर्चीवर बसल्यापासून 'सर' याखेरीज हाक मारली नव्हती. दाराशी थांबून ते म्हणाले, "सात, तुझ्या वतीने आठ किती वेळा म्हणाला, आठवतं का?"

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ते तो बराच वेळ पुसत राहिले.

घरी मामींनी सगळं ऐकून घेतलं. त्या व्यवहारी बाई. त्या म्हणाल्या, एवढं म्हणायला काय जातंय, पोराने फसवायचा प्रयत्न केलाच होता ना, त्यात खोटं ते काय. इथून निघालो तर जायचं कुठे? लेकीच्या घरात त्यांचीच दाटी, सासू अंथरुणाला खिळलेली. तिथे आपण जाऊन उंबऱ्यात बसायचं का? मामींनी भांडी आदळली, पुन्हा उचलून जागच्या जागी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना त्या मामांकडे न बघता म्हणाल्या, "मी ऐकलं होतं काहीतरी. त्या रात्री."

मामांनी कप खाली ठेवला.

"मला कोल्हा वाटला," मामी म्हणाल्या. "बराच वेळ ओरडत होता. गार वारा येत होता म्हणून मी फटीत कापड कोंबलं. तुम्हाला उठवलं नाही."

त्यांच्या हातातली चहाची गाळणी तशीच भांड्यावर टपटपत राहिली. मामांनी ती काढून घेतली. बायकोला आजवर कधी दिवसाढवळ्या जवळ घेतलं नव्हतं, ते आताही जमेना. शेवटी त्यांनी विचारलं, "आणखी कुणाला बोललीस?"

"कुणाला बोलू?"

"नको बोलूस. मी जागा असतो तर मलाही कोल्हाच वाटला असता."

हे खरं नव्हतं. मामांनी तेवीसचा आवाज ओळखला असता, आणि मामींनाही ते कळत होतं. पण त्यांनी मान हलवली आणि कपाट उघडून मामांचा इस्त्रीचा सदरा काढला. मामा निघाले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की जे खरं आहे ते बोलून या, घराचं मी बघते.

बैठक ग्रंथालयात होती. मोठ्या टेबलाच्या एका टोकाला अध्यक्ष, शेजारी मुख्याध्यापक. भिंतीशी चोवीस उभा. त्याचा चेहरा इतका पांढरा पडला होता की ओठ कुठे आहेत ते कळत नव्हतं. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला तेवीसचे वडील बसले होते. ते शिंपी होते. सडपातळ, नीटनेटके, बोटांना सुयांचे व्रण. त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते.

अध्यक्षांनी दुःख व्यक्त केलं, मुलाचं कौतुक केलं आणि मुद्द्यावर आले. चोवीसला त्यांनी विचारलं, तेवीसच्या नावाने 'आहे' तूच म्हणालास ना? चोवीस म्हणाला, हो. कुणाच्या सांगण्यावरून? तेवीसच्या. तुला माहीत होतं, हे खोटं आहे? पोराने हो म्हटलं. तो काहीच नाकारत नव्हता. बिचाऱ्याला वाटत होतं की आता सगळं खरं सांगितलं तर निदान तेवढं तरी बरोबर होईल.

अध्यक्षांनी समाधानाने मान हलवली आणि मामांकडे वळले. "म्हणजे रेक्टर, तुम्हाला या मुलाने फसवलं."

मामा उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती.

"नाही साहेब. मी आवाज ओळखला होता."

टेबलाखाली मुख्याध्यापकांचा पाय हलला. "मामा, नीट विचार करून बोला," ते हळूच म्हणाले.

"विचार केलाय. तेवीसच्या नंबरावर चोवीस बोलला हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. मला नेहमीच कळतं. या पोराने मला फसवलं नाही. मला फसवता येत नाही हे सगळ्या हॉलला माहीत आहे. मी पुढे गेलो. तेवीसने दुपारी चेंडूही माझ्यासमोरच मारला होता. हजेरी घेणं माझं काम होतं. त्याचं नव्हतं."

अध्यक्षांनी पेन उघडलं, बंद केलं. मामांना वाटलं होतं की हे बोललं की मोकळं वाटेल. पण वडिलांनी टेबलावरचे हात उचलले आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं, आणि मोकळं वगैरे काही वाटायचं राहूनच गेलं.

"ओळखला होतात," वडील म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मग एकदा आत डोकावला का नाहीत?"

मामांना विश्वासाबद्दल सांगता आलं असतं, अठराबद्दल, मैलाच्या दगडाबद्दल. ते उभेच राहिले.

"एवढंच विचारायचं होतं," वडील म्हणाले. मग ते चोवीसकडे बघून म्हणाले, "ह्याला जाऊ द्या. ह्याचं कशाला."

चोवीसला जाऊ दिलं, शाळेतून काढलं नाही. मामांना त्याच आठवड्यात निरोप आला की महिनाअखेर खोल्या रिकाम्या कराव्यात. पुढचे रेक्टर तरुण असतील, आणि यापुढे हजेरी हॉलच्या आत, प्रत्येक मुलाला कॉटसमोर उभं करून घेतली जाईल.

बैठकीनंतर वडील ट्रंक न्यायला हॉलमध्ये आले. मुलं वर्गात होती. मामांनी कॉटखालून ट्रंक ओढून दिली. वडिलांनी ती उघडली आणि एकेका कपड्याची पुन्हा घडी घातली, घड्या नीटच होत्या तरी. सगळे त्यांच्याच हातचे शिवलेले. एका पँटचा पाय उलटा करून त्यांनी आतलं दुमडलेलं कापड अंगठ्याने चाचपलं. वाढत्या अंगाचा म्हणून चांगलं वीतभर आत ठेवलेलं. "दोन वेळा उसवून खाली सोडली असती," ते म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही. मग त्यांनी खिशातून चेंडू काढला. मुलाच्या कपड्यांबरोबर पोलिसांनी तो त्यांच्या हाती दिला होता. मुलाने तो सदऱ्याच्या आत, पोटाशी खोचून ठेवलेला होता.

"हा शाळेचा आहे," असं म्हणून त्यांनी चेंडू खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि ट्रंक उचलली. मामा एक कडी धरायला पुढे झाले. वडिलांनी ट्रंक दुसऱ्या हातात घेतली. मामा तिथेच थांबले.

त्या दिवसापासून चोवीस बोलेनासा झाला. वर्गात विचारलं तर मान हलवायचा. हजेरीला त्याचा नंबर आला की पंचवीस त्याच्या वतीने "आहे" म्हणायचा. मुलगा तिथेच, आपल्या कॉटवर बसलेला, आणि "आहे" शेजाऱ्याचं. नवे रेक्टर यायचे होते तोवर मामाच हजेरी घेत होते. बावीसनंतर ते तेवीसच्या खिडकीवरून मुकाट्याने चालत जायचे आणि एकदम चोवीस म्हणायचे. मुलांना त्या चार पावलांचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मामांना चोवीस पाण्याच्या टाकीमागे सापडला. मामा त्याच्या शेजारी खाली बसले. बसताना गुडघे कडकडले. त्यांनी काहीबाही बोलून बघितलं, आत्याची चौकशी केली, अभ्यासाचं विचारलं. पोरगा चपलेच्या टोकाने मातीत रेघ ओढत होता. मामा उठायला लागले तेव्हा तो बोलला. इतक्या दिवसांच्या न बोलण्याने आवाज घोगरा झाला होता.

"तुम्हाला खरंच कळलं होतं? का मला वाचवायला म्हणालात?"

मामा पुन्हा बसले. हा प्रश्न पोराने किती दिवस पोटात धरून ठेवला असेल ते त्यांना कळलं. मामा खोटं बोलले असतील तर सगळं ओझं त्याचं. खरं बोलले असतील तर निम्मं तरी मामांचं.

"तू बारीक आवाज काढतोस," मामा म्हणाले, "पण शेवट ओढतोस. आहेऽ असं. तेवीस कधीच ओढायचा नाही, त्याला दमच नव्हता तेवढा. पहिल्यांदा त्याच्यासाठी म्हणालास ना, तो पत्र टाकायला पळाला होता तेव्हा, तेव्हापासून मला ठाऊक आहे."

पोराने मान वर केली. पत्राचं त्या दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

"मी नसतो म्हणालो तर?"

या पोराला आता गोडगोड बोलून चालणार नव्हतं. "तर मी आत आलो असतो," ते म्हणाले. "आणि तो सापडला असता. पण तू म्हणालास तरी मी आत यायला हवं होतं. तू लहान आहेस. तुला सांगितलं ते तू केलंस. मला कुणी सांगायची गरज नव्हती."

चोवीस रडला नाही. त्याने मातीतली रेघ पुसली आणि पुन्हा ओढायला घेतली. मामा त्याच्या शेजारी बसून राहिले. मग वर्गाची घंटा झाली आणि तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सामान गाडीत चढलं. मामी पुढच्या बाजूला बसून होत्या, मांडीवर पितळी डबा. जावई दोनदा घड्याळाकडे बघून झाला होता. नवे रेक्टर येऊन दाखल झाले होते. हसतमुख तरुण, त्यांनी स्वतःहून म्हटलं की आजची हजेरी तुम्हीच घ्या मामा, तुमच्या पद्धतीने.

मामा व्हरांड्यात आले. मुलं कॉटवर बसली. सवयीप्रमाणे मामांनी हात मागे बांधले, बागेकडे तोंड केलं आणि "एक" म्हणायला तोंड उघडलं. मग ते वळले. पहिल्या खिडकीशी गेले, गजांना हात लावला आणि आत डोकावले.

"एक."

मुलगा दचकला. या खिडकीत त्याने मामांचा चेहरा कधी बघितला नव्हता. "आहे," तो म्हणाला.

मामांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि ते पुढच्या खिडकीकडे गेले. नंबर पुकारायचा, बघायचं, पुढे जायचं. हजेरी फार रेंगाळली. बाहेर गाडीचा हॉर्न एकदा वाजला. एकोणीसच्या कॉटवर एक गोल चेहऱ्याचा मुलगा होता, त्याच्या हनुवटीला शाई लागली होती. बावीस झाला. तेवीसच्या खिडकीशी मामा थांबले. कॉटवर गादी गुंडाळून ठेवलेली होती. मामांनी तिच्याकडेही तेवढाच वेळ बघितलं.

"चोवीस."

पोरगा मांडीवर हात ठेवून खाली बघत होता.

"आहे," पंचवीस म्हणाला.

"तू नाही," मामा म्हणाले. आजवर त्यांनी हे शब्द या हजेरीत कधीच उच्चारले नव्हते. मामांनी दोन्ही हातांनी गज धरले. "चोवीस."

बागेत अंधार उतरत होता. नवे रेक्टर व्हरांड्याच्या टोकाला अवघडून उभे होते, बोलावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. हॉर्न पुन्हा वाजला आणि मग मामींनीच काहीतरी म्हटलं असावं, कारण तो बंद झाला. मामा खिडकीतून हलले नाहीत. त्यांना आता कुठे जायचं नव्हतं.

चोवीसने शेजारच्या गुंडाळलेल्या गादीकडे बघितलं. मग त्याने मान वर केली.

"आहे."

त्याने शेवट ओढला नाही. मामांनी त्याच्याकडे बघून घेतलं, गज सोडले आणि पुढच्या खिडकीशी जाऊन आत डोकावून म्हणाले, "पंचवीस."